ऐतवारचा उद्या

निर्मला गोविंदराव रत्नपारखी. हे नाव मी आज पहिल्यांदा पूर्ण लिहितो आहे. तोंडाने तर ते मी कधीच घेतलं नाही. माझ्यासाठी त्या शेवटपर्यंत नुसत्या 'मॅडम' होत्या... फोनमध्येही त्यांचा नंबर त्याच नावाने आहे आणि अजून मी तो काढलेला नाही. आमच्या घराण्यात मी पहिला बी. ए. झालो, सरकारी कचेरीत अव्वल कारकून झालो, माझ्या दोन मुली आज शिकताहेत. यात सगळ्यांत मोठा वाटा कोणाचा असं कोणी विचारलं, तर आईच्याही आधी मला हे नाव सांगावं लागेल, आणि आईला त्याचं वाईट वाटणार नाही.

बातमी आली तेव्हा मी टेबलावरच होतो. आमच्याकडे निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची वार्षिक पडताळणी चालू होती. माणूस हयात आहे का, अजून पात्र आहे का, हे दर वर्षी पाहायचं असतं. आता त्यासाठी अंगठा टेकवायचं मशीन आलं आहे. समोर एक म्हातारे बाबा बसले होते. जन्मभर दगड फोडून गुळगुळीत झालेला त्यांचा अंगठा मशीनला काही केल्या ओळखू येत नव्हता. आमचा ऑपरेटर म्हणाला, "बाबा, जरा दाबून धरा." बाबा म्हणाले, "दाबूनच धरलाय रं. आता काय त्याच्यात घुसू का?" रांगेतली माणसं हसली आणि तेवढ्यात फोन वाजला. मॅडमची भाची अपर्णा बोलत होती. "दत्ताकाका, आत्या गेली. पहाटे... झोपेतच." फोन खाली ठेवला तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते. "काय झालं सायेब?" मी म्हणालो, "आमच्या एक मॅडम होत्या. गेल्या." बाबांनी मान हलवली आणि अगदी सहज म्हणाले, "मंग नाव कमी करावं लागंल त्यांचं." आमच्या टेबलावर माणूस गेल्यानंतर उरणारं काम एवढंच असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत पुरतं कळलेलं होतं. मला मात्र त्या एका वाक्यानं दिवसभर काही सुचू दिलं नाही.

नावाचीच गोष्ट आहे ही, म्हणून आधी आईबद्दल सांगतो. माझे वडील गवंडी होते. शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, एका इमारतीच्या परांचीवरून पडून ते गेले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यांचं नाव सोमनाथ. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण माझी आई, गिरजाबाई, त्याच्याही पुढची. नावाशी जुळणारा शब्दसुद्धा ती तोंडातून काढत नसे. त्यामुळे आमच्या घरात सोमवार नव्हता. शनिवार, ऐतवार, मग 'ऐतवारचा उद्या' आणि त्यानंतर मंगळवार. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच म्हणतात. शाळेत गुरुजींनी फळ्यावरचा वार वाचायला उभं केलं आणि मी मोठ्यानं "ऐतवारचा उद्या" वाचलं, तेव्हा वर्ग का हसतोय तेच मला कळेना. शाळेत माझं नाव घालायला गेली तेव्हा आईनं गुरुजींना 'दत्तात्रय' सांगितलं, 'ढगे' सांगितलं आणि मधल्या नावासाठी शेजारच्या काकूंकडे बघितलं. वडील गेल्यावर तरी हे सुटेल असं लोकांना वाटलं होतं. उलट ते घट्ट झालं. कुंकू आणि बांगड्या लोकांनी उतरवून घेतल्या. न घेतलेलं नाव तेवढं तिच्याकडे राहिलं.

वडिलांच्या मागे आईला निराधार योजनेचं अनुदान मिळू लागलं. गावात त्याला 'पगार' म्हणतात. पगार हा शब्द ऐकून शहरातली माणसं हसतात, पण दर महिन्याला येणारी दुसरी कुठलीच गोष्ट ज्यांच्या घरात नाही, त्यांनी तिला आणखी काय म्हणावं? आई रोजानं शेतात जायची आणि त्या पगारावर मी शिकायचो. तोवरची पडताळणी गावातच ओळखीवर होई. मी दहावीत असताना ती तालुक्याच्या कचेरीत लागली. आई तालुक्याला गेली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या मागे आमच्या गावातली एक बाई होती. पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं, कारण आई घरी येऊन नुसती चुलीपुढे बसली होती. टेबलावर तांबे भाऊसाहेब म्हणून कारकून होते. माणूस वाईट नव्हता. एवढी गर्दी असायची की दुपारी डबा खायलासुद्धा उठायचे नाहीत. त्यांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आई गप्प. "बाई, नाव सांगा. मयत आहेत ना ते? मग आता कुणाला लाजता?" आईनं मागच्या बाईकडे बघितलं. ती बिचारी मदतीला म्हणून बोलली, "मिस्तरी म्हनत्यात त्येनला." भाऊसाहेबांनी 'मिस्तरी' लिहिलं आणि मृत्यूचा दाखला बघितला, तर त्यावर सोमनाथ. "बाई, तुमचा नवरा नेमका कोणता?" रांग हसली. मग बाईचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला त्यांनी विचारलं, "बरं, आज वार कोणता?" तो नेमका सोमवार होता. आई म्हणाली, "ऐतवारचा उद्या."

शेरा पडला: अर्जदारास पतीचे नाव व चालू वार सांगता आला नाही ('ऐतवारचा उद्या' असे उत्तर दिले), माहिती विसंगत, अपात्र. आणि पगार बंद झाला.

माझे चुलते बिडकीनला बांधकामावर होते. त्यांनी निरोप धाडला, "दत्ताची परीक्षा झाली की माझ्याकडं पाठवा. माल कालवायला लागंल, मंग हळूहळू हात बसंल." त्यांच्या परीनं ते मदतच करत होते. पण आईला परांची नुसती दिसली तरी ती तोंड फिरवायची. मुलगा त्याच कामावर चढणार या विचारानं तिची झोप गेली होती. परीक्षा संपली, मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

त्या उन्हाळ्यात तालुक्याला नवीन नायब तहसीलदार आल्या. रत्नपारखी मॅडम. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "नवीन अर्ज नंतर बघू. जी प्रकरणं बंद केलीत ती आधी आणा." त्यात आईचं प्रकरण निघालं आणि गावच्या कोतवालाबरोबर निरोप आला. मी आईबरोबर गेलो. आत गेलो तर आई सवयीनं टेबलापुढे फरशीवर बसायला लागली. मॅडमनी हातानंच थांबवलं. त्यांच्या खुर्चीशेजारी, टेबलाच्या त्यांच्या बाजूला, एक लाकडी स्टूल होतं. "इथं या. माझ्याजवळ बसा." आई स्टुलाच्या कडेवर, अर्धवट टेकून बसली. मॅडमनी शेरा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "गिरजाबाई, ऐतवारचा उद्या म्हणजे कोणता वार?"

आई पदराआड हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तुमाला ठाव हाय की."

"मला आहे. आमच्या तांबे भाऊसाहेबांना नाही. महादेवाचा वार ना?"

"व्हय."

"म्हणजे यांच्या नावात महादेव आहे." आईनं मान हलवली. मॅडमनी आमच्या गावची जुनी मतदार यादी मागवली, आम्हा ढग्यांचं पान काढलं आणि एकेक नाव सावकाश वाचायला लागल्या. मारोती... रघुनाथ... सोमनाथ. आईनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. मॅडम थांबल्या. मग त्यांनी जबाबात लिहिलं: रूढीमुळे पतीचे नाव उच्चारत नाही, यादी वाचून दाखवली, मान हलवून ओळख पटवली. खाली सही केली.

तांबे भाऊसाहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, मान हलवल्यावर कसं चालंल? उद्या वरून कोणी विचारलं तर?"

"सही माझी आहे ना, भाऊसाहेब. माझी आई वकिलाची बायको, शहरात औरंगपुऱ्यात राहणारी, मॅट्रिक झालेली. वडिलांचं नाव गोविंद. भजनात गोविंद आला की आई ओठ मिटून नुसती टाळी वाजवायची. तिला तुम्ही वेडी ठरवाल का?"

"तसं आमच्या घरची बी नाव घेत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मग?"

"घरचं वेगळं न मॅडम. हे हाफिस हाय."

मॅडम हसल्या. पण त्या हसण्याआड काहीतरी खुपलं होतं, कारण हे वाक्य त्या पुढे अनेकदा सांगायच्या. घरी ज्याला रीत म्हणतो, त्यावरच कचेरीत आल्यावर आपण संशय घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू काय करतोस?" आईच म्हणाली, "धाव्वी झाली त्याची. आता बिडकीनला धाडायचा, चुलत्याकडं." मॅडमनी विचारलं, "निकाल लागला का?" मी म्हणालो, "नाही." "मग निकाल लागायच्या आधीच कसं ठरवलंत?" एवढंच बोलल्या. पगार परत सुरू झाला, निकाल चांगला लागला आणि शहरातल्या एका वसतिगृहात माझी सोय लावायला मॅडम स्वतः आल्या. अकरावीच्या पहिल्या दिवशी वर्गात नाव पुकारलं, दत्तात्रय सोमनाथ ढगे, आणि मी "हजर" म्हणालो, तेव्हा मला आधी आठवलं ते टेबलाच्या आतल्या बाजूचं स्टूल.

वसतिगृहातून सुटीत घरी आलो की मी त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचो. अर्ज लिहून द्यायला त्यांना कोणीतरी हवंच असायचं. तेव्हा मी त्यांचं काम जवळून पाहिलं. त्या दयाळू होत्या असं लिहिलं तर ते अपुरं होईल. त्या कडक होत्या. खोटं प्रकरण त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि खोटं शोधायलाही त्या साधेच प्रश्न विचारायच्या. एका गावात पुढाऱ्याची आई निराधारांच्या यादीत होती. कागद सगळे चोख. मॅडम तिच्याजवळ ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "दूध दाट आहे हो. कुठून घेता?" म्हातारी खुशीत म्हणाली, "इकत कशाला घेऊ? घरच्याच म्हशी हायेत. गडी काढतो की धार." नाव कमी झालं. परतताना जीपमध्ये मी हसत होतो. मॅडम हसल्या नाहीत. "तिला बिचारीला ती निराधार आहे हेच ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "मुलानं परस्पर करून टाकलं होतं तिला."

त्यांचं म्हणणं असायचं की अर्ज हा प्रश्नांचा असतो आणि प्रश्न चुकला तर खरा माणूस गळतो, खोटा पाठ करून येतो. त्यासाठी त्यांनी वर एक टिपण पाठवलं होतं. जुन्या बायकांना नवऱ्याचं नाव उच्चारायला लावू नये, यादी वाचून ओळख पटवून घ्यावी. टाकलेल्या बाईला "नवऱ्यानं टाकलं का" असं चारचौघांत विचारू नये. अपात्र ठरवलं तर का ठरवलं, ते त्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगावं. टिपणाला उत्तर आलं नाही. त्यांनी आठवण करून देणारं दुसरं पाठवलं. त्यालाही नाही.

पण त्यांच्याकडून चूकच झाली नाही असं नाही, आणि ती त्या कधी विसरल्या नाहीत. एका म्हाताऱ्याचा अर्ज त्यांनी नाकारला होता. रेशन कार्डावर मुलगे होते, सगळे कमावते. नियमानं बरोबरच होतं ते. पण मुलगे कधीचे बाहेरगावी गेलेले आणि फिरकत नव्हते. तो म्हातारा एकटा होता आणि ते बोलून दाखवणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. "पोरं हायेत, बघत्यात," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्यांदा अर्ज करायला तो राहिला नाही. मॅडम म्हणायच्या, "बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे मला कळलं. बाप मुलांचं नाव खराब करत नाही, हे कळलं नाही. मी फक्त विचारलं, मुलं आहेत का. शेवटचं कधी आली होती, असं विचारायला हवं होतं..." हे सांगताना त्यांचा आवाज पडायचा.

मॅडमची बदली झाली आणि त्या गेल्यावर त्यांच्यावर चौकशी लागली. म्हशीवाल्या पुढाऱ्यानं तक्रार केली होती की मॅडमनी जबाब न घेता मर्जीतल्या बायका पात्र केल्या. मान हलवून ओळख पटवलेली सगळी प्रकरणं बाहेर काढली गेली आणि त्या बायकांना तालुक्याला बोलावलं गेलं. त्यात आई होती. मी तेव्हा बी. ए.च्या वर्गात होतो. मीच आईला घेऊन गेलो. एसटीत तिनं एकच प्रश्न विचारला, "मॅडमला कामावरून काढत्याल का रं?" मी म्हणालो, "काही सांगता येत नाही." मला खरोखरच माहीत नव्हतं. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, सभ्य, थकलेले गृहस्थ होते. मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. ज्या खोलीत त्या बसायच्या तीच खोली, तेच टेबल. स्टूल मात्र भिंतीला लावून ठेवलेलं होतं. अधिकारी आईला म्हणाले, "बाई, घाबरू नका. तुम्ही पात्र आहात की नाही, तो प्रश्न नाही. मॅडमनी लिहिलंय की तुम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही. मला फक्त नाव सांगा, म्हणजे संपलं."

आई मॅडमकडे बघायला लागली. मॅडम पटकन म्हणाल्या, "गिरजाबाई, नका घेऊ."

"तुम्ही बोलू नका," अधिकारी म्हणाले. "चौकशी तुमची आहे."

मॅडमनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आईनंही पाहिलं नव्हतं. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सोमनाथ." मग थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "सोमनाथ मारोती ढगे. आता लिवा." वडिलांचं नाव मी आईच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच. आम्ही बाहेर आलो. तिनं नळावर जाऊन चूळ भरली आणि पायरीवर बसून राहिली. घरी गेल्यावर जेवली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. तिला वाटत होतं, तिनं मॅडमना सोडवलं.

निकाल आला तो असा: बाईनं चौकशीत पतीचं नाव स्पष्ट सांगितलं आहे, त्यावरून 'रूढीमुळे उच्चारत नाही' हा शेरा खरा दिसत नाही, सबब जबाब निष्काळजीपणे घेतले. मॅडमची वेतनवाढ रोखली गेली, पुढे बढतीही राहिली आणि त्या नायब तहसीलदार म्हणूनच निवृत्त झाल्या. दुसऱ्या बायका गप्प राहिल्या होत्या. एकट्या आईनं नाव घेतलं होतं. आईनं त्यांना वाचवायला म्हणून जे केलं, तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावलं गेलं. मॅडमना ते त्याच क्षणी कळलं होतं, म्हणूनच त्या "नका घेऊ" म्हणाल्या होत्या. निकाल कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला हे कधीही कळू द्यायचं नाही. सगळं नीट झालं म्हणून सांग." मी तसं सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं." आणि ताटात वाढलेलं जेवायला लागली.

मला नोकरी लागली तेव्हा मी मॅडमना फोन केला. अभिनंदनाच्या आधी त्यांनी विचारलं, "आईचं बंद करायला सांगितलंस का?" मी म्हणालो, "आई कालच जाऊन आली." आईनं तांबे भाऊसाहेबांपुढे उभं राहून सांगितलं होतं, "माजा पगार बंद करा. पोरगा मिळवता झाला." भाऊसाहेब म्हणाले म्हणे, "बाई, बंद करा म्हणायला आलेल्या तुम्ही पहिल्या." आणि कारण काय लिहिलंय ते आईनं त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. हे ऐकून मॅडम फोनवर कितीतरी वेळ हसत होत्या. त्यांचं तसं हसणं मला फार कमी वेळा ऐकायला मिळालं.

निवृत्तीनंतर त्या शहरातल्या गारखेड्याच्या घरात एकट्या राहायच्या, अपर्णा येऊनजाऊन असायची. गेल्या वर्षी त्यांची कानाची तक्रार वाढली, मग गुडघ्यांची. मी आठवड्या-पंधरवड्यानं जाऊन बसायचो. त्यांच्या पलंगाजवळ तसंच एक लाकडी स्टूल होतं आणि आलेल्या माणसाला त्या खुर्चीवर न बसवता त्या स्टुलावर बसवायच्या, जवळ. शेवटच्या भेटीत मी त्यांना अंगठ्याच्या मशीनबद्दल सांगत होतो. ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांची पडताळणी अडते, त्यांना पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात, आणि झिजलेले अंगठे बहुतेक आमच्याकडे येणाऱ्यांचेच असतात. त्यांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं. "मग शेरा काय लिहितोस?" "ओळख पटली नाही, असा येतो तो. आपोआप." मग म्हणाल्या, "आमच्या वेळी निदान तांबे भाऊसाहेबांशी भांडता येत होतं रे."

मी निघालो तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. "दत्ता, एक सांग. आईला ते अजून माहीत नाही ना?" मी नाही म्हणालो. "तिच्याकडे तेवढं एकच होतं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं राहिलेलं. ते तिनं माझ्यापायी खर्च केलं आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही. मी त्या दिवशी आधीच सांगायला हवं होतं त्या साहेबांना, की शेरा चुकला, माझी चूक झाली. मग त्यांनी तिला विचारलंच नसतं... हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आहे." मी म्हणालो, "आईला तसं काही वाटत नाही, मॅडम." त्या म्हणाल्या, "तू विचारलंयस का तिला?" मी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी विचारलं. फोनवर त्यांना काही ऐकू जाईना, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. एरवी मी कचेरीतल्या सवयीनं सगळीकडे आखूड सही करतो, द. सो. ढगे. हे मुद्दाम आधी सांगतो. मॅडम गेल्यावर मी गारखेड्याला गेलो तेव्हा पलंगाजवळच्या स्टुलावर कोणी बसलेलं नव्हतं. त्यावर त्यांचा चष्मा होता आणि चष्म्याखाली ते पत्र, उघडलेलं. अपर्णा म्हणाली, "दोनदा वाचून दाखवायला लावलं मला. नंतर स्वतः वाचलं." तिनं ते मला परत दिलं. ते असं होतं.

तीर्थरूप मॅडम यांस, दत्ताचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारायला सांगितलंत ते घरी येताच आईला विचारलं. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, तरी सगळं सांगितलं. रागावू नका. तिला ते ठाऊक होतं. तांबे भाऊसाहेबांनी तेव्हाच तिला बाजारात गाठून सांगितलं होतं. इतकी वर्षं आपण दोघं तिच्यापासून लपवत होतो आणि ती आपल्यापासून.

मी म्हणालो, मग तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "वाटलं की. लई वाटलं. मला काय ठाव, खरं सांगितल्यावर बी मानूस खोटं ठरतं म्हनून. पर मॅडम मान खाली घालून हुब्या हुत्या, ते मला बघवलं नाय. आज बी बघवणार नाय." मग मी विचारलं, एवढं जपलेलं नाव गेलं असं नाही का वाटत? त्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "जातंय कुठं? त्या सायबानं लिवलं ते त्याच्या कागदावर ऱ्हायलं. मी घेतलं ते मॅडमसाठी घेतलं. ते त्यांच्यापाशी हाय. त्यांना म्हनावं, संभाळून ठिवा."

यंदा आमच्या टेबलावर जुन्या बायकांना नाव विचारत नाही. यादी वाचून दाखवतो. साहेबांनी तोंडी होकार दिला आहे, लेखी दिलेला नाही. तुमचं जुनं टिपण शोधून त्याची नक्कल जोडून पुन्हा वर पाठवलं आहे. अंगठ्यांचं मात्र अजून काही जमलेलं नाही. ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांच्या गावी मी स्वतः जाऊन येतो, पण ते माझ्या एकट्याच्यानं पुरं होणारं नाही.

आई शेजारीच बसली आहे. तिला हे सगळं वाचून दाखवलं. आज रविवार आहे, ती म्हणते ऐतवारच्या उद्याच पेटीत टाक, उशीर करू नको. आणि म्हणते, खाली ती आखूड सही नको, पुरं नाव लिही, मधलं बी घाल.

आपला,
दत्तात्रय सोमनाथ ढगे